जुन्या लॅपटॉपवर हायकू लाइव्ह चालवून बघताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात एक जुना लॅपटॉप आहे, कोअर आय-थ्री, 4 जीबी रॅम, वर विंडोज 10. त्या विंडोजचे नेहमीचे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. हायकू नावाची ऑपरेटिंग सिस्टीम डीव्हीडीवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालते असं तुमच्या वाचनात आलं. हार्ड डिस्कला हात न लावता ती बघता येईल का, काही बिघडेल का, आणि बघून उपयोग काय?

बघता येईल. बिघाडाचं म्हणाल तर हायकू स्वतःहून फारसं काही बिघडवत नाही. तिच्यापर्यंत पोचण्यासाठी आपण जी खटपट करतो त्यात गोंधळ होतात. आणि उपयोगाचं उत्तर तुम्ही पहिल्या तासाभरात काय उघडता यावर आहे. बहुतेक जण ब्राउझर उघडतात, यूट्यूब अडखळलं की तोंड वाकडं करून मशीन बंद करतात. हायकूत जे खरोखर वेगळं आहे ते ब्राउझरमध्ये नाहीच, ते फायलींच्या खिडकीत आहे.

थोडी पार्श्वभूमी लागेल, नाहीतर पुढचं अधांतरी वाटेल. अ‍ॅपलमधून बाहेर पडलेले जाँ-लुई गासे यांनी 1990 मध्ये बी नावाची कंपनी काढली. तिने बीओएस ही सिस्टीम अगदी कोऱ्या पाटीवर लिहिली. 1995 मध्ये आलेल्या त्यांच्या बीबॉक्स मशीनमध्ये दोन प्रोसेसर होते. घरच्या कॉम्प्युटरला एक प्रोसेसर असला की पुष्कळ, असा तो काळ. 1996 मध्ये अ‍ॅपलने बी विकत घ्यायची बोलणी केली, पण शेवटी स्टीव्ह जॉब्ज यांची नेक्स्ट ही कंपनी घेतली आणि जॉब्ज परत आले. बीची मालमत्ता 2001 मध्ये पाम या कंपनीने सुमारे 1 कोटी 10 लाख डॉलरला उचलली. त्याच वर्षी काही चाहत्यांनी ती सिस्टीम मुळापासून पुन्हा लिहायला घेतली. आधी नाव ओपनबीओएस, 2004 पासून हायकू. पहिली अल्फा (अगदी कच्ची) आवृत्ती सप्टेंबर 2009 मध्ये, पहिली बीटा (चाचणीची आवृत्ती) सप्टेंबर 2018 मध्ये आणि पाचवी बीटा सप्टेंबर 2024 मध्ये आली. म्हणजे दोन दशकं उलटूनही बीटाच. हे काम मुख्यतः हौसेवर आणि देणग्यांवर चालतं, हे लक्षात ठेवलं की अपेक्षा आपोआप जागेवर येतात. ही लिनक्सची एखादी आवृत्तीही नाही. कर्नलपासून, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यापासून, डेस्कटॉपपर्यंत सगळं एकाच घरचं आहे.

आता डीव्हीडी की पेनड्राइव्ह? एकच इमेज (अख्ख्या सिस्टीमची एका फायलीतली प्रत) दोन्हीकडे चालते, पण वागणूक वेगळी. डीव्हीडीवर लिहिता येत नाही, त्यामुळे तुम्ही केलेले बदल रॅममध्ये राहतात आणि मशीन बंद केलं की जातात. पेनड्राइव्हवर मात्र तोच हायकूचा भाग (पार्टिशन) लिहिता येणारा असतो. बदललेली भाषा, साठवलेला वाय-फायचा पासवर्ड, उतरवलेली फाईल हे सगळं तिथेच राहतं. लाइव्ह म्हटलं की मागमूस राहत नाही अशी समजूत असते. पेनड्राइव्हच्या बाबतीत ती चुकीची आहे. दुसऱ्याच्या हाती तो पेनड्राइव्ह देणार असाल तर हे ध्यानात असू द्या. दुसरी गंमत अशी की पेनड्राइव्ह 32 जीबीचा असला तरी इमेजमधला हायकूचा भाग आहे तेवढाच राहतो, मोकळी जागा बेताचीच. दोन-चार मोठी सॉफ्टवेअरं टाकली की भरली. पुढे रमलात तर त्या पेनड्राइव्हवरून दुसऱ्या पेनड्राइव्हवर रीतसर इन्स्टॉल करा, मग पूर्ण जागा मिळेल आणि लॅपटॉपची डिस्क तरीही अस्पर्शित राहील.

तुमच्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह असला तरी मी पेनड्राइव्हच सुचवेन. डीव्हीडीवरून प्रत्येक गोष्ट घरघर करत उघडते आणि हायकूचा जो मोठा गुण, चपळपणा, तोच दिसत नाही. सीडीचा तर विषयच नको, 700 एमबीत ही इमेज मावत नाही.

इमेज उतरवताना 64 बिटची घ्या. 32 बिटची घ्यायचं कारण दोनच: प्रोसेसर फार जुना असणं, किंवा नव्वदच्या दशकातली बीओएसची मूळ सॉफ्टवेअरं चालवून बघण्याची हौस असणं, कारण ती फक्त 32 बिटवर चालतात. फाईल उतरली की सोबत दिलेल्या एसएचए-256 या पडताळणीच्या आकड्याशी ताडून बघा. अर्धवट उतरलेल्या इमेजमुळे जे विचित्र दोष दिसतात त्यांच्यामागे लोक दिवसच्या दिवस घालवतात. झिप असेल तर उघडून आतली आयएसओ (हीच ती इमेज) काढा आणि एचर किंवा रूफस या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर चढवा. रूफसने पद्धत विचारली तर डीडी निवडा. इथे एकच गोष्ट दोनदा बघायची: कुठल्या ड्राइव्हवर लिहितोय. बॅकअपची हार्ड डिस्क तेव्हा जोडलेली असेल तर आधी काढून ठेवा. लिहून झाल्यावर विंडोज लगेच विचारतं, ही डिस्क वापरण्याआधी फॉर्मॅट करायची का? नाही म्हणा. विंडोजला हायकूची फाईल सिस्टीम (डिस्कवर फायली ठेवण्याची पद्धत) ओळखता येत नाही म्हणून ते असं विचारतं; हो म्हटलंत की केलेलं पाण्यात.

मग सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेली सिस्टीम सुरू होऊ न देणारी सोय. हायकूच्या बूट लोडरवर (सिस्टीम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमवर) मायक्रोसॉफ्टची सही नाही, त्यामुळे बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, सिक्युअर बूट बंद करावं लागतं. तुमच्या जुन्या मशीनवर कदाचित हा प्रश्न येणारच नाही. पण हे वाचून कोणी नव्या लॅपटॉपवर प्रयोग करणार असेल तर थांबा आणि आधी बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन, चालू आहे का ते बघा. विंडोज 11 च्या पुष्कळ लॅपटॉपवर डिस्कचं एन्क्रिप्शन मालकाला पत्ता नसताना चालू असतं. सिक्युअर बूट बंद केलं की पुढच्या वेळी विंडोज 48 अंकी रिकव्हरी की मागू शकतं, आणि ती जवळ नसेल तर आपलाच डेटा आपल्याला परका. ती की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. आधी कागदावर उतरवून घ्या, मग बायोसमध्ये शिरा. तिथे डिस्क कंट्रोलरचे पर्याय दिसतील, आरएसटी, एएचसीआय वगैरे. त्यांना हात लावू नका. हायकूला आतली डिस्क दिसली नाही तरी बिघडत नाही, आपण पेनड्राइव्हवरून चालतोय. पण तो पर्याय बदलला तर विंडोज उठायचं नाही.

पेनड्राइव्हवरून बूट केलं की काळपट पडद्यावर सात छोटी चित्रं एका ओळीत दिसतात आणि एकेक उजळत जातं. ती नुसती शोभा नाही, निदानाचं साधन आहे. अणू, भिंगासह डिस्क, कार्ड, बूट डिस्क, चिप, फोल्डर आणि शेवटी रॉकेट असा क्रम. चौथ्या चित्रावर अडकलं तर हायकूला बूट डिस्क सापडत नाहीये, म्हणजे गडबड बहुधा यूएसबीत: दुसरा पोर्ट वापरा, शक्यतो यूएसबी 2 चा, हब असेल तर काढा. रॉकेट उजळून पडदा काळा झाला तर कर्नल उठलंय आणि ग्राफिक्सपाशी अडलंय. पुन्हा सुरू करा, अगदी सुरुवातीलाच शिफ्ट दाबून धरा, यूईएफआय (नव्या प्रकारचं बायोस) असलेल्या मशीनवर स्पेस बार दाबत राहा. बूट लोडरचा मेनू येतो. त्यातल्या सेफ मोडच्या पर्यायांत फेल-सेफ ग्राफिक्स ड्रायव्हर निवडा. पुष्कळ मशीन एवढ्यावर मार्गी लागतात.

कधी पडद्यावर नुसती अक्षरं येतात, कर्नल डीबगिंग लँडमध्ये स्वागत असा मजकूर आणि खाली केडीबग असं लिहून पुढे कर्सर लुकलुकत असतो. लोक घाबरतात. डिस्कला काही झालेलं नसतं, कर्नलने हात वर केलेले असतात एवढंच. बी आणि टी ही दोन अक्षरं टाइप करून एंटर दाबा, कुठल्या फंक्शनमधून काय झालं त्याची माळ दिसेल. तिचा फोटो काढा आणि रीबूट टाइप करा. हायकूच्या बग नोंदवहीत तक्रार घालायची झाली तर तो फोटो आणि मशीनचं मॉडेल एवढ्यावर काम सुरू होतं. 'चालत नाही' एवढ्या वाक्यावर कोणालाही काही करता येत नाही.

सगळं सुरळीत झालं तर भाषा आणि कीबोर्ड विचारणारी खिडकी येते, तिथे दोन वाटा असतात: इन्स्टॉल किंवा नुसतं चालवून बघणं. दुसरी घ्या. डेस्कटॉपच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात डेस्कबार (मेनू आणि चालू प्रोग्रॅमची पट्टी), खिडक्यांना पिवळ्या टॅब. कॉपी-पेस्ट कंट्रोलने नाही, ऑल्टने होतं; बोटांना सवय व्हायला थोडा वेळ लागेल.

आता नेट. वाय-फायचे ड्रायव्हर फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमकडून घेतलेले आहेत, त्यामुळे इंटेलची कार्डं बऱ्यापैकी चालतात, बाकीच्यांचा भरवसा नाही. नाही चाललं तर वेळ घालवू नका. अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलने देणं) चालू करा. चौथ्या बीटापासून हायकूला हे समजतं. टचपॅड दगा देऊ शकतं, विशेषतः अलीकडच्या लॅपटॉपवर, म्हणून यूएसबी माऊस जवळ असू द्या. काय ओळखलं आणि काय नाही ते बघायला टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) लिस्टडेव्ह ही आज्ञा आहे, ती सगळ्या हार्डवेअरची यादी देते.

मी ज्यासाठी एवढं लिहितोय तो भाग आता. हायकूची फाईल सिस्टीम बीएफएस. मूळ बीएफएस 1996-97 मध्ये डॉमिनिक जाम्पाओलो आणि सिरिल म्यूरियों यांनी बीमध्ये लिहिली. जाम्पाओलो पुढे अ‍ॅपलमध्ये गेले आणि तिथे त्यांनी स्पॉटलाइट ही शोधाची सोय आणि एपीएफएस ही फाईल सिस्टीम यांवर काम केलं. बीएफएसमध्ये प्रत्येक फायलीला आतल्या मजकुराखेरीज हवे तेवढे गुणधर्म चिकटवता येतात आणि फाईल सिस्टीम त्यांची अनुक्रमणिका स्वतः ठेवते. वाचायला रुक्ष वाटेल, म्हणून करूनच बघा, पण पेनड्राइव्हवर, डीव्हीडीवर नको.

डेस्कबारमधून पीपल हे अ‍ॅप उघडा. एका ओळखीच्या माणसाचं नाव, फोन आणि गावाच्या रकान्यात सातारा असं रोमन अक्षरांत लिहा (रोमन का ते पुढे येतं) आणि साठवा. अशी तीन-चार माणसं करा, गावं वेगवेगळी ठेवा. आता होम फोल्डरमधलं पीपल फोल्डर उघडा. प्रत्येक माणूस म्हणजे एक फाईल. खिडकीच्या अ‍ॅट्रिब्यूट्स मेनूतून गाव आणि फोनचे रकाने दाखवायला सांगा. साधी फायलींची खिडकी होती, तिची टेलिफोन डायरी झाली. फोन नंबरवर क्लिक करून तिथल्या तिथे बदलता येतो, अ‍ॅप उघडायचीही गरज नाही. आता फायलीचा आकार बघा: शून्य बाइट. सगळी माहिती गुणधर्मांत आहे, फाईल आतून रिकामी.

मग ऑल्ट आणि एफ दाबून शोधाची खिडकी उघडा, प्रकार पर्सन, शोध गुणधर्मावरून, गाव सातारा. निकालाची खिडकी येईल. ती बंद करू नका. बाजूला पीपलमध्ये आणखी एक सातारकर बनवून साठवा आणि निकालाच्या खिडकीकडे नजर ठेवा. नवं नाव तिथे आपण होऊन उगवतं. कोणी रिफ्रेश दाबलेलं नाही, मागे कुठला प्रोग्रॅम सगळी डिस्क धुंडाळत बसलेला नाही. फाईल सिस्टीमनेच खिडकीला कळवलं. त्या माणसाचं गाव कराड करा, नाव निघून जातं. हायकूतली ईमेलही याच तत्त्वावर चालते: प्रत्येक पत्र ही फाईल, पाठवणारा आणि विषय हे गुणधर्म, आणि 'न वाचलेली पत्रं' ही असाच एक जिवंत शोध. विंडोज वापरून वापरून आपण असं धरून चालतो की पत्त्यांसाठी एक प्रोग्रॅम लागतो, गाण्यांसाठी दुसरा, पत्रांसाठी तिसरा, आणि प्रत्येकाचा स्वतःचा डेटाबेस. तसं असायलाच हवं असं नाही, हे इथे पाच मिनिटांत डोळ्यांसमोर दिसतं.

याची दुसरी बाजूही आहे. हे शोध बीएफएसवरच चालतात. विंडोजची डिस्क जोडून त्यावरचे फोटो असे शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. आणि ती माणसांची फाईल फॅट या नेहमीच्या फाईल सिस्टीमच्या पेनड्राइव्हवर टाकलीत तर गुणधर्म गळून पडतात, उरते शून्य बाइटची कोरी फाईल. न्यायचीच असेल तर हायकूतच झिप करून न्या, हायकूचं झिप गुणधर्म सांभाळतं.

विंडोजची डिस्क जोडण्याबद्दल: डेस्कटॉपवर उजवं क्लिक केलं की माउंटचा मेनू येतो, एनटीएफएस (विंडोजची फाईल सिस्टीम) वाचता येतं आणि लिहिताही येतं. पण हायकू सध्या एकाच वापरकर्त्याची सिस्टीम आहे आणि त्या वापरकर्त्याला सर्वाधिकार असतात. तुमच्या विंडोजच्या सिस्टीम फोल्डरमधलं काही उडवायचं ठरवलंत तर अडवणारं कोणी नाही. त्यामुळे पहिल्या ओळखीत ती डिस्क जोडूच नका. ड्राइव्हसेटअप हे अ‍ॅपही उघडू नका, ते पार्टिशन करण्यासाठी आहे. सर्वाधिकार असलेला एकच वापरकर्ता, याच कारणाने हायकूवर बँकेचे व्यवहार मी करणार नाही आणि तुम्हालाही सुचवणार नाही.

देवनागरीचं काय, हा आपल्या लोकांचा पहिला प्रश्न, आणि उत्तर निराश करणारं आहे. हायकूची स्वतःची अक्षरं काढण्याची यंत्रणा देवनागरीसारख्या लिपीची जोडणी करत नाही. फाँट असला तरी 'किती' मधली पहिली वेलांटी क च्या आधी न येता नंतर येते, जोडाक्षरं सुटी पडतात, हलन्त लोंबकळत राहतात. 'स्वच्छ' वाचताना जीव मेटाकुटीला येतो. लिब्रेऑफिस किंवा क्यूटी या साधनसंचावर बांधलेला फाल्कन ब्राउझर अक्षरजोडणीची सोय स्वतःबरोबर घेऊन येतात, तिथे मराठी नीट दिसते. फायलींची नावं, मेनू, सोबत येणारा वेबपॉझिटिव्ह ब्राउझर यांत मात्र ती फुटकी दिसेल. म्हणून वरच्या प्रयोगात रोमन लिपी.

जाता जाता एक खेळ करून बघा. विंडोजची की दाबून धरा आणि एका खिडकीची टॅब ओढून दुसरीच्या टॅबवर सोडा. दोन्ही खिडक्या एकाच चौकटीत येतात, मग त्या वेगवेगळ्या प्रोग्रॅमच्या का असेनात. कडेला कड लावून सोडल्यात तर त्या चिकटतात आणि एकत्र हलतात. एकात फायली, दुसऱ्यात टर्मिनल, तिसऱ्यात मजकूर अशी मांडणी करून काम करायला मला अजूनही दुसरीकडे कुठे इतकं सुटसुटीत वाटत नाही. प्रत्येक खिडकीचा स्वतःचा थ्रेड (कामाचा वेगळा धागा) असतो, त्यामुळे एक प्रोग्रॅम कामात गुंतला तरी बाकीचं पटकन प्रतिसाद देत राहतं. जुन्या मशीनवर हा फरक हाताला जाणवतो. 4 जीबी रॅम याला भरपूर आहे, पाचव्या बीटाची किमान मागणी 384 एमबीची आहे.

काय नाही तेही ऐकून ठेवा. झाकण मिटल्यावर झोपी जाण्याची सोय नाही, त्यामुळे लॅपटॉप तसाच पिशवीत टाकू नका, आत तापत राहील. ग्राफिक्स कार्डाचा वेग पाचव्या बीटात वापरला जात नाही, त्रिमितीय चित्र आणि व्हिडिओचा भार प्रोसेसरवर पडतो. ब्लूटूथ आणि वेबकॅमची आशा धरू नका. त्यामुळे घरातल्या शाळकरी मुलाच्या ऑनलाइन वर्गासाठी हाच लॅपटॉप वापरायचा असेल तर हायकू नको, एखादं हलकं लिनक्स टाका. लेखन, प्रोग्रॅमिंग शिकणं, जुन्या गाण्यांचा संग्रह लावणं, फार सजावट नसलेली संकेतस्थळं वाचणं एवढ्यासाठी ती छान चालते.

याच जातीचं आणखी काही बघायचं असेल तर कोलिब्रीओएस बघा. ती असेंब्ली या प्रोसेसरच्या अगदी जवळच्या भाषेत लिहिलेली आहे, एका 1.44 एमबीच्या फ्लॉपीत खिडक्या-बिडक्यांसकट मावते आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत उठते. पाहून थक्क व्हायचं आणि पुढे जायचं. रिअ‍ॅक्टओएस विंडोजचेच प्रोग्रॅम चालवण्याच्या उद्देशाने लिहिली जाते, पण अजून अल्फा आहे आणि खऱ्या हार्डवेअरवर लहरी. ती व्हर्च्युअल मशीनमध्येच (आपल्या सिस्टीमच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरमध्ये) बरी. व्हर्च्युअल मशीन हा हायकूसाठीही मार्ग आहे, वरचा सातारकरांचा प्रयोग नव्या डिस्कवर रीतसर इन्स्टॉल करून तिथेही होतो. फक्त तुमच्या लॅपटॉपचं वाय-फाय, आवाज आणि टचपॅड चालेल की नाही हे तिथे कळत नाही, आणि तुम्हाला तर तेच बघायचंय.

प्रयोग संपला की डेस्कबारमधून रीतसर शटडाउन करा, पेनड्राइव्ह उपटून नाही, कारण त्यावर लिहिणं चालू असू शकतं. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट पुन्हा चालू करा. पेनड्राइव्ह परत साधा करायचा असेल तर विंडोजमध्ये त्यावर उजवं क्लिक करून फॉर्मॅट करणं पुरत नाही, जागा तुकड्यांत अडकून राहते. विंडोजच्या डिस्कपार्ट या साधनात त्या पेनड्राइव्हचा क्रमांक निवडून क्लीन करावं लागतं आणि मग नवं पार्टिशन. क्रमांक निवडताना आकार बघून खात्री करा. शून्य क्रमांकावर बहुधा तुमची आतली हार्ड डिस्क असते.